मौनव्रत, लॅपटॉप आणि पिवळे चेहरे

गेल्या वर्षी माझा आवाज बसला तो उठेचना. सदाशिव पेठेत गणिताचे क्लासेस घेताना इतकी वर्षं पोरांवर ओरडलो, त्याच्या गाठी स्वरतंतूंवर आल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, "पंधरा दिवस एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजसुद्धा नाही. गाठी जिरल्या तर ठीक, नाहीतर ऑपरेशन. मग आवाज पूर्वीसारखा राहील याची खात्री मी देत नाही." माझी पाचावर धारण बसली. बायको मात्र म्हणाली, "पंधरा दिवस शांतता? मी पेढे वाटते."

आमची सोय म्हणजे लॅपटॉप. तो जेवणाच्या टेबलावर उघडा ठेवायचा, मी मोठ्या अक्षरांत टाइप करायचं, तिने येता-जाता वाचायचं. पहिल्याच सकाळी तिने पोहे पुढ्यात ठेवून विचारलं, "कसे झालेत?" मी टाइप केलं, "बरे आहेत." आता आमच्याकडे 'बरे' याहून वरची पदवीच नाही! तोंडाने म्हटलं असतं तर तिला कळलं असतं. पण पडद्यावर ते पेपर तपासल्यासारखं दिसलं. "बरेच ना? मग राहू देत," म्हणून तिने बशी उचलून नेली. दुपारी "चहा." असं लिहिलं, तर म्हणे, "हुकूम सोडताय?" दोन-चार दिवसांत तिने वाचणंच सोडलं. मी लिहितोय आणि ही पाठ करून भाजी चिरतेय. फार एकटं वाटलं हो, खोटं कशाला सांगू!

सुनेला माझी दया आली. ती आयटीतली. "बाबा, विंडोजचं बटण दाबून धरा आणि पूर्णविरामाचं दाबा." दाबलं, तर एक चौकट उघडली आणि आत पिवळ्या चेहऱ्यांची मंडईच भरलेली! हसरे, रडके, डोळा मारणारे. असल्या पोरकटपणाला मी जन्मभर नाकं मुरडली. पण अडला हरी. मी 'चहा'पुढे एक हसरा चेहरा लावला.

तिने चष्मा चढवून पाहिलं. "दात कशाला काढताय?" म्हणाली. पण त्या दिवशी चहात आलं होतं.

मग मला चटकच लागली. भाजी काय आणायची ते मी चित्रांत सांगू लागलो, वांगं, टोमॅटो, मिरची. गवार काही सापडेना, तेव्हा नुसता संतापलेला चेहरा टाकला. ती खो खो हसली. एकदा मेथीच्या भाजीपुढे लाल बदाम लावला. तिने आधी सून आसपास नाही ना ते पाहिलं, मग "म्हातारचळ लागलाय!" म्हणत पानात आणखी भाजी वाढली.

तपासणीच्या सकाळी मात्र दोघांचेही पोहे बशीत तसेच राहिले. आवाज नाही आला तर क्लासचं काय, माझं काय! रिक्षात तिने माझा हात घट्ट धरला. "नाहीच आला, तर तुम्ही लिहा. मी वाचेन. रोज वाचेन." लॅपटॉप घरी राहिला होता. मी नुसती मान हलवली.

डॉक्टरांनी घशात नळी घालून पाहिलं आणि म्हणाले, "आता हळूच बोला. नाव सांगा." लग्न झाल्यापासून मी हिला नावाने हाक मारलेली नाही, सगळा संसार 'अगं'वरच झालेला. तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते हिचं नाव. घोगरं, पण स्पष्ट.

"अहो, त्यांनी तुमचं विचारलंय!" ती म्हणाली आणि पर्समध्ये रुमाल शोधायला लागली.