अंगणातला ठिपका

केदारखेड्याहून जालन्याला आले, कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि नकाशाच्या ऑफिसात चिकटले. दोन हजार सालानंतरची गोष्ट. विमानातून काढलेले जमिनीचे फोटो स्कॅन होऊन यायचे, ते एकाला एक जोडून मी अख्ख्या तालुक्याचं चित्र करायचं. ऐकायला भारी वाटतं. खरं म्हणजे फाईल उघडायला टाकावी, खाली जाऊन चहा पिऊन यावं, तरी ती निम्मीच उघडलेली. मशीन म्हणजे असून अडचण, नसून खोळंबा. पहिलं काम फोटोच्या कडा कापायचं, नाहीतर जोडात काळे पट्टे दिसायचे. फोटोची तारीख त्या कडेवरच असायची, पण ती वाचत कोण बसतंय?

खोलीत एकटी, ऑफिसातही एकटी. दिवसभर तोंड उघडायचं ते चहा सांगायला. माय वारली होती आणि गावाकडे जायचं नावच मी काढत नव्हते. तिच्याविना ते घर बघवणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं. वडील, आमचे अण्णा, तिकडं एकटे राहायचे.

एक दिवस आमच्याच गावाची फाईल आली. शेतातलं आमचं घर मी शोधून काढलं. अंगणात एक फिकट चौकोन आणि त्याच्या बाजूला काळा ठिपका. धोतरावर कुरडया घालून कावळे हाकत बसलेली माय! विमान दोन उन्हाळे उडालं होतं आणि माय त्या दोन्हींच्या मधे गेली होती. तारखेची कड तर कापून गेली होती, हा आधीचाच उन्हाळा, असं मी ठरवूनच टाकलं. मंग रोज सकाळी आल्याआल्या तीच फाईल उघडायची, मायला बघायचं आणि कामाला लागायचं.

पुढे मशीनमधली जागा संपली. साहेब म्हणाले, सगळ्या फायली दाबून लहान करा आणि मूळच्या उडवा. मी आमची फाईल दाबून बघितली. रस्ता राहिला, विहीर राहिली, ठिपका मात्र मातीत विरून गेला. ही एक मूळची राहू द्या, असं मी साहेबांना म्हटलं.

"का गं, सोनं पुरलंय का गावात?"

माझं डोकंच सणकलं. "माझी माय आहे त्याच्यात," मी म्हणाले.

फाईल ठेवता येणार नाही, पण घरापुरता तुकडा कापून घे, साहेब म्हणाले. तो तुकडा मी कागदावर छापला आणि कधी नव्हे ती गावाची एसटी धरली.

अण्णांनी कागद दारातल्या उजेडात धरला. मी ठिपक्यावर बोट ठेवलं. "ही माय."

"न्हाई बाई," ते म्हणाले. "तो मी हाय. तिच्या वाकळा ऊन दाखवायला काढल्या होत्या, तिथंच बसल्तो. इमान बराबर डोक्यावरून गेल्तं. ती असती तर बघायला पळत आली असती बाहेर."

मी उंबऱ्यावर बसले. माय दुसऱ्यांदा गेल्यासारखं झालं. "रोज मायला बघायचे मी ह्याच्यात," मी म्हणाले.

अण्णा अजून कागदच बघत होते.

"हे तू रोज बघून राह्यलीस?"

"रोज."

"कामावर गेल्या गेल्या?"

"हो."

त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले.

"मला वाटायचं, पोरगी इसरली मला."