पंखावरची ऊ

कल्पना करा, तीतीचं, म्हणजे बिळात घरटं करणाऱ्या समुद्रपक्ष्याचं, नुकतंच मारलेलं पिल्लू तुमच्या मांडीवर आहे. मुठी भरभरून पिसं उपटायची. उवा मनगटावर चढतात, पण झटकायला थांबायचं नाही; पिल्लू निवलं की पिसं सुटत नाहीत.

विकितोरियानं पस्तीस हंगाम, दर एप्रिल-मेमध्ये, हिवाळ्याच्या तोंडावर, हेच केलं. न्यूझीलंडच्या दक्षिणेकडच्या या बेटावर पिल्लं धरायचा हक्क तिच्या आईकडून आलेला, रक्ताचा. नवरा रावीरी तिच्यामुळे इथे. ती आली नाही, तर त्यालाही येता येत नाही, इथल्या घराला कुलूप. पण आता गुडघा बिळापाशी वाकत नव्हता. एकुलती एक मुलगी एरिहापेटी ब्रिस्बेनला. ती बेटावर येणार नव्हती, उलट आईबापांनाच कायमचं तिकडे बोलवत होती. गुरुवारी परतीची बोट. त्याआधी उत्तर हवं होतं.

"तिकडे लिफ्ट आहे म्हणे," रावीरी म्हणाला. "तुझ्या गुडघ्याची चैन."

"आणि खिडकीतून काय दिसणार? दुसऱ्याची खिडकी."

"इथे तरी काय दिसतं? पिसं आणि माझं टक्कल."

उवांच्या जागा तिला पाठ होत्या. पंखावरची लांबट, काडीसारखी. पिसाच्या खाचेत अशी पडून राहते की चोचीला सापडत नाही. डोक्यावरची गोल, सुस्त. तिथे चोच पोचतच नाही, मग लपायचं कशाला?

मंगळवारी बिळातून एक पिल्लू निघालं, मारण्याजोगं नव्हतं. परत सोडण्याआधी तिनं त्याच्या पंखावरची एक ऊ चिमटीत धरून छातीवर ठेवली. मऊ पिसांत तिला खाच मिळेना. ती नुसती सरपटत राहिली. पिल्लानं मान वाकवली, चोच एकदा फिरवली. ऊ संपली.

"बघितलंस? वीतभरच हलवली होती."

"तू काय ऊ आहेस? माणूस कुठेही राहतो."

"मग पस्तीस वर्षांत एक तरी मे महिना तू दुसरीकडे काढलास?"

रावीरी पिल्लू बिळात सोडून आला.

बुधवारी तिनं सॅटेलाइट फोनवरून कळवलं, "येतो आम्ही. हिवाळ्यापुरते."

"परत जाऊ देणार नाही हं, आई," एरिहापेटी हसत म्हणाली.

फोन ठेवून विकितोरियानं गुडघा चोळला. मग रावीरीला म्हणाली, "बिळात आईच्या अंगावरच्या उवा पिल्लाच्या अंगावर जातात ना, तेव्हा कोण जातं रे? कोवळ्या उवाच जातात, की म्हाताऱ्याही?"