चार भाषा आणि एक सेंट्रिफ्यूज

सेंट्रिफ्यूज हादरू लागला तेव्हा जर्मन इंजिनिअर कँटीनमध्ये जेवत होता. यंत्राशेजारी आमचा ऑपरेटर म्हात्रे उभा होता. त्याने लाल बटण दाबले. ड्रम थांबायला बराच वेळ लागला.

"साहेब, भरा म्हणून तुम्हीच सांगितलंत ना?" त्याने मला विचारले.



डोंबिवलीतील एका रसायन कारखान्यात मी मेंटेनन्स मॅनेजर आहे. सेंट्रिफ्यूज म्हणजे ओली पावडर वेगाने फिरवून तिच्यातले पाणी बाहेर फेकणारे यंत्र. घरचा वॉशिंग मशीनचा ड्रायर डोळ्यांसमोर आणावा, फक्त माणसाच्या उंचीचा. त्याचे मुख्य बेअरिंग बदलायला जर्मनीहून इंजिनिअर आला होता. उतारवयाचा, इंग्रजी जेमतेम. त्याच्यासाठी ठाण्याच्या एक दुभाषी बाई ठरल्या होत्या.

"कुलकर्णी, बाईंना बोलवायचं की तुम्ही सांभाळाल?" प्लांट हेड मराठे साहेबांनी विचारले होते.

"सांभाळीन, सर."

सहा वर्षे मी घरी, कोणत्याही क्लासविना, जर्मन, जपानी, फ्रेंच आणि स्पॅनिश शिकत आहे. सोमवारी जर्मन, मंगळवारी जपानी, असे वेळापत्रक. ऑफिसात हे सर्वांना ठाऊक होते, कारण मीच ते सांगत असे. सांगत नव्हतो ते एवढेच, की चारही पुस्तकांतली माझी खूण आठव्या धड्याच्या आसपास अडकलेली होती. एक भाषा जड वाटू लागली की मी दुसरी उघडत असे. पहिले धडे फार सुखाचे असतात. चार भाषांत मला स्वतःची ओळख करून देता येत होती आणि कॉफी मागता येत होती. त्यापलीकडे काही नाही.

पहिल्या दिवशी मी दिलेली ओळख निर्दोष होती. तिनेच घात केला. इंजिनिअर खुलला आणि भरभर बोलू लागला. मी मान डोलावत राहिलो. बेअरिंग बसल्यावर तो दहा मिनिटे काही समजावत होता. तेव्हाही मी मान डोलावली. तो जेवायला गेल्यावर मी म्हात्रेला म्हणालो, "झालं. बॅच भर."

"तो एवढा बोलला, आणि त्याचं एवढंच?" म्हात्रे हसला. "त्यांची भाषा लय लांब दिसते, साहेब."

"सांगितलं तेवढं कर."

गडबड ऐकून इंजिनिअर धावत आला. बेअरिंगला हात लावताच त्याचा चेहरा लाल झाला. "एम्प्टी!" तो ओरडला. "एम्प्टी, आय से!" नवे बेअरिंग आधी रिकाम्या ड्रमवर चालवायचे होते. तेच तो दहा मिनिटे सांगत होता.

मराठे साहेब आले. "म्हात्रे, कोणाला विचारून भरलंत? मेमो निघेल."

म्हात्रेच्या नावावर एक मेमो आधीच होता. दुसरा लागला असता तर त्याची बढती गेली असती. त्याने माझे नाव घेतले नाही, नुसते माझ्याकडे पाहिले. मी लगेच बोललो नाही, हे मला लिहिलेच पाहिजे. साहेब केबिनच्या दाराशी पोहोचले, तेव्हा कुठे मी मागून गेलो.

"सर, मी सांगितलं म्हणून त्याने भरलं. इंजिनिअर काय म्हणाला ते मला कळलंच नव्हतं."

"म्हणजे तुम्हाला जर्मन येत नाही?"

"येते. आठव्या धड्यापर्यंत."

"अहो, मग सहा वर्षं करत काय होतात?"

मेमो माझ्या नावाने निघाला. बेअरिंग पुन्हा उतरवून तपासावे लागले आणि माल दोन दिवस उशिरा गेला.

दुसऱ्या दिवशी ठाण्याच्या बाई आल्या. त्यांना परकी भाषा एकच येत होती. पहिल्या अर्ध्या तासात त्यांनी इंजिनिअरला तीनदा थांबवून एकच वाक्य म्हटले. ते मला चटकन कळले: "मला समजलं नाही, पुन्हा सांगा." प्रत्येक पुस्तकात ते पहिल्याच धड्यात असते. मला ते चारही भाषांत तोंडपाठ आहे.