पदरावरून तपासलेला खांदा

आधी बघा, मग हात लावा, मग हलवून पाहा. हाडांचं शास्त्र शिकवताना सरांनी हे आमच्याकडून घोकून घेतलं होतं. खांदा तपासायचा तर दोन्ही खांदे उघडे हवेत, शेजारी शेजारी. महाडला दवाखाना टाकल्यावर बायकांच्या बाबतीत मी पहिलीच पायरी गाळायला लागलो. पोलादपूरच्या वरच्या वाड्यांतून दोन गाड्या बदलून आलेल्या बाईला पदर काढ म्हणायला जीभ रेटत नसे. पदरावरूनच चाचपायचं, हात वर करायला लावायचा, गोळ्या लिहायच्या. माझं कधी काही अडलं नाही.

वहिनी, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको, लग्न होऊन वाडीवर आली तेव्हा मी सात वर्षांचा होतो आणि आई नुकतीच गेली होती. मला न्हाऊमाखू तिनंच घातलं. माझ्या डोक्यातल्या उवासुद्धा तिनंच काढल्या.

दोन वर्षांपूर्वी, गणपती झाल्यावर, ती एकटीच एसटीने दवाखान्यात आली. "भावजी, उजवा हात वर जात नाय. दूध काढताना कोपर पन दुखता," म्हणाली.

मी तिला स्टुलावर बसवलं. हात वर करायला सांगितला, तो अर्ध्यातच थांबला. "अंबाडा बांधतेस तसा मागे ने," म्हटलं, तर मान वाकडी करून तिनं कसाबसा नेला. मग कोपर कमरेला टेकवून मी तिचा हात बाहेरच्या बाजूला फिरवला. तो सहज फिरला. खांदा आखडला असेल तर हीच हालचाल आधी अडते, म्हणजे दुखणं सांध्यातलं नव्हतं, हे मला चांगलं ठाऊक होतं. पण तेवढ्यात कोपराच्या बाहेरच्या हाडावर मी बोट दाबलं, ती "आई गो" म्हणून कळवळली, आणि दुखण्याचं मूळ हाती लागलं या आनंदात मी बाकीचं सोडून दिलं. मोठा शहाणा डॉक्टर!

तिचा पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढलेला होता. सिस्टर बाहेरच बसल्या होत्या. त्यांना आत बोलावून वहिनीच्या अंगावर एक चादर द्यायला कितीसा वेळ लागला असता? तिला लाज वाटेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरी लाज माझीच होती.

"घाबरू नको, काही नाही," म्हणून कोपरासाठी गोळ्या लिहिल्या आणि खांद्यासाठी व्यायाम सांगितला, भिंतीवरून बोटं वर चढवत न्यायची. गोठ्याच्या भिंतीशी उभी राहून ती तो रोज इमानेइतबारे करायची. "तुझी वहिनी हल्ली भिंतीवर चढते रे," म्हणून भाऊ फोनवर हसायचा, आणि मीही हसायचो.

शिमग्याला घरी गेलो तर तिचा हात बोटांपर्यंत सुजलेला. बांगड्या मनगटात रुतल्या होत्या. दुसऱ्या दिवशी तिला महाडला आणलं. या वेळी सिस्टरनी तिला आत नेऊन पदर काढून तपासलं. बाहेर आल्या त्या माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "सर, छातीत मोठी गाठ आहे. काखेतही आहेत."

मुंबईला नेलं. इतका उशीर का केलात, असं तिथल्या डॉक्टरीणबाई मला रागावून म्हणाल्या. मी स्वतः डॉक्टर आहे हे त्यांना मी सांगितलं नाही. हिंमतच झाली नाही.

ती जायच्या आठवडाभर आधी ओटीवर मी तिच्या उशाशी बसलो होतो. न राहवून विचारलं, "वहिनी, गाठ तुला कधी लागली होती?"

"तुमच्याकडं आले त्याच्या आधीच."

"मग बोलली का नाहीस गं?"

"कसा बोलू? तुम्ही दीर. म्हटला, खांदा बघताना तुमच्या हाताला लागंलच. म्हनून तर आले." तिला दम लागला होता. मी पाणी पुढे केलं, तिनं ते नको म्हणून बाजूला सारलं. "तुम्ही म्हनालात, घाबरू नको, काय नाय. मला वाटला, सगळा बघूनच बोलताय. घरी आल्या आल्या मी देवाला नारळ फोडला."