अकरा मोटारी आणि एक दगड

भिण्याच्या बाबतीत आमच्या मामांचा हात धरील असा माणूस अख्ख्या इंदापूर तालुक्यात सापडायचा नाही. मामा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, शेळगावचे डाळिंबवाले. लोक सापाला भितात, विजेला भितात. मामा उद्याच्या तारखेलाही भीत. फोनवर अनोळखी नंबर दिसला की आधी पायात चपला घालत आणि मगच उचलत, न जाणो पळायची वेळ आली तर!

अशा माणसाने छोटी एसयूव्ही घ्यायची ठरवली. लेक बाळंतपणाला माहेरी आली होती आणि दवाखाना बारामतीला. मामांनी वहीत तीन रकाने आखले: किंमत, ताकद, ॲव्हरेज. तिन्ही रकान्यांत भीतीच भरली. स्वस्त गाडी दिसली की म्हणत, "पत्रा पातळ आसंल." महाग दिसली की, "हिचा पार्ट हितं कुठं घावायचा?" कंपनीने बावीसचं ॲव्हरेज सांगितलं की वहीत चौदा मांडत, वाटेत पेट्रोल संपायला नको म्हणून. हॉर्सपॉवर त्यांना बोअरवरच्या साडेसातच्या मोटारीशिवाय समजत नसे. "एकशेवीस म्हंजी आपल्या सोळा मोटारी," एकदा मला म्हणाले.

"मग झालं की, मामा!"

त्यांचा चेहरा उतरला. "आन् त्यातली एखादी जळली म्हंजी?"

शोरूमवाले वहीतल्या गाड्या एकेक करून ट्रायलला दारात आणत. मामा गाडीत माणसं ठासून भरत. त्यात माझी निवड निव्वळ वजनावर झाली होती. बारामतीच्या वाटेवर कालव्याच्या पुलाला चढ आहे. तिथं ऐन मध्यावर ते गाडी थांबवायला लावत आणि एसी चालू ठेवून पुन्हा उचलायला सांगत. पायाशी पिशवीत एक दगड असे, गाडी मागं सरकलीच तर चाकाखाली लावायला. आम्ही पोट धरून हसायचो. आत्या तेवढी हसायची नाही. तिच्या पहिल्या बाळंतपणात वडापची, सीटवर भाडं घेणारी जीप याच चढावर बंद पडली होती आणि ते बाळ वाटेतच गेलं होतं. मला हे फार उशिरा कळलं, आणि माझीच मला लाज वाटली.

पाचवी गाडी आली ती ब्याऐंशी हॉर्सपॉवरची. ॲव्हरेज सगळ्यांत सरस, पण "कशाबशा अकरा मोटारी" म्हणून मामांनी आत न बसताच तिला नापास केलं. नेमक्या त्याच दुपारी लेकीला कळा सुरू झाल्या. गावातल्या गाड्या एका लग्नाला गेलेल्या. शोरूमचा माणूस चहाची कपबशी खाली ठेवून म्हणाला, "बसवा ताईंना." मागे ताई, आत्या आणि मी, पुढे मामा आणि त्यांची पिशवी.

पुलाच्या चढावर पुढची उसाची ट्रॉली अडकली आणि आमची गाडी ऐन मध्यावर थांबली. ताई कण्हत होती. आत्याने डोळे गच्च मिटून घेतले. त्या दिवशी मी मामांइतकाच भ्यालो. मामा मात्र दार उघडून उतरले, मागे जाऊन चाकाखाली दगड लावला आणि ओरडले, "उचला आता! मी हाय मागं!"

ट्रॉली हलली. अकरा मोटारींनी गाडी अलगद उचलली. आम्ही जे सुटलो, ते भवानीनगर मागे पडल्यावर आत्या एकदम ओरडली, "आरं, ह्येंला घ्यायचं राह्यलं की!"

मामा मिळेल त्या वाहनाने दवाखान्यात पोचले, तेव्हा नात झाली होती. दगड हातातच होता. नर्सने बाळ पुढे केलं तर दोन पावलं मागे सरले. "नगं, पडंल," म्हणाले आणि ढसाढसा रडले.

गाडी त्यांनी तीच घेतली. ती आजही अंगणात रस्त्याकडे तोंड करून उभी असते आणि टाकी कायम भरलेली असते.

गेल्या महिन्यात मीही गाडी घेतली. बायकोला सहावा लागलाय. मामा काठी टेकत पूजेला आले. नारळ फुटल्यावर त्यांनी पिशवीतून तो दगड काढला आणि माझ्या हातात दिला. "आता मला चढावर उतराय व्हत न्हाय. तुज्याकडं ठिव."

माझी गाडी एकशेवीसची आहे, सोळा मोटारींची, हे मी त्यांना सांगणार होतो. त्याऐवजी दगड शेजारच्या सीटखाली नीट सरकवून ठेवला.