नाव घेतलं नाही

सरांचा मला राग येतो हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कोणी म्हणायला नको की ही बाई आकसानं बोलून राह्यली. आकसच आहे. आदिलाबादच्या एका संस्थेत मी गटचालक आहे आणि ते आमचे प्रशिक्षक. गावोगावी बायांना गोल बसवायचं, त्यांना बोलतं करायचं आणि आपण कमी बोलायचं, हे माझं काम. त्याच्या नियमांचं एक निळं पुस्तक आहे. गटातलं गटातच राहील, हा पहिला नियम. अहवालात कोणाचं नाव येणार नाही, हा दुसरा. सरांना ते पुस्तक तोंडपाठ आहे. पाठ करायला अक्कल लागत नाही.

गुडीहत्नूरजवळच्या एका गावात माझा गट शाळेच्या ओसरीवर बसायचा. त्यात पंचविशीची एक सून होती, दोन पोरींची आई. चार-पाच महिने ती पदराचं टोक पिळत नुसती बसून राह्यची. मी तिला कधी छेडलं नाही. एका दुपारी ती आपणहून बोलली. घरात सगळ्यांना पोरगा पाहिजे होता, आणि तिनं माहेरी गेली असताना सरकारी दवाखान्यात जाऊन, पुन्हा दिवस राहू नयेत म्हणून तांबी बसवून घेतली होती. नवऱ्याला माहीत नव्हतं, सासूला तर नाहीच.

"दुसरीच्या वक्ताले मी मरता मरता वाचली, ताई," ती म्हणाली. "डॉक्टरीणबाईनं सांगतलं, आता तिसरं झालं तं जीव जाईन. पण घरी कोण आयकते?"

बाकीच्या बायांनी ते ऐकलं आणि एकीनंही बाहेर तोंड उघडलं नाही. त्यांच्यातल्या निम्म्यांना लिहिता-वाचता येत नाही. नियम त्यांनी पाळला.

मोडला आम्ही शिकलेल्यांनी. अहवालात मी तिचं नाव टाकलं नाही, मोठी शहाणी ना मी. 'मुधोळवाली सून' असं लिहिलं. आमच्याकडे सुनेला नावानं हाक मारायची रीतच नाही. ज्या गावावरून आली, त्या गावाची ती होऊन जाते. मला स्वतःला सासरी इतकी वर्षं झाली, पण गल्लीत कोणी नावानं ओळखत नाही, माहेरच्या गावानंच ओळखतात. तिचं कागदावरचं नाव लिहिलं असतं तर एखादवेळ कोणाला पत्ता लागला नसता. इथंच जन्म काढलेल्या बाईला हे लिहिताना सुचू नये, याला काय म्हणावं?

मग आदिलाबादला सगळ्या गावांच्या गटांचा मेळावा झाला. सरांनी माइक धरला आणि बायांच्या हिमतीचं उदाहरण म्हणून माझा अहवाल रंगवून सांगितला. गुडीहत्नूरकडची, मुधोळवाली, दोन पोरी, तांबी, सगळं. आवाज भरून आला त्यांचा. टाळ्या पडल्या. तिसऱ्या रांगेत तिची नणंद बसली होती, शेजारच्या गावात दिलेली. तिनं टाळ्या वाजवल्या नाहीत. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

चहाच्या वेळी मी सरांना गाठलं. "सर, हे तुमी काऊन सांगतलं?"

"नाव घेतलं का मी?" सर म्हणाले. पुस्तक काढून त्यांनी नियमावर बोट ठेवलं. "आणि मॅडम, लिहिलं तुम्हीच होतं."

ते खरं होतं, म्हणून जास्तच झोंबलं. मी म्हटलं, "मीच लिहिलं, म्हणून मी उद्या जाऊन तिच्या पाया पडणार. तुमी काय करणार?"

"तिला विचारल्याशिवाय काही करू नका," सर म्हणाले आणि चहात बिस्कीट बुडवलं. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्या माणसाचं मी कायला ऐकते?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघाले. मधे काय झालं होतं ते मला नंतर कळलं. नणंद आदल्या संध्याकाळीच येऊन सगळं सांगून गेली होती. सासूनं सुनेला समोर उभं केलं. सुनेनं डोळ्याची पापणी हलू दिली नाही. "गावात मुधोळच्या दोघी हाव आमी," ती म्हणाली. "खालच्या आळीतलीलेबी दोन पोरीच हायेत. तिचं असंन." सासूचा अर्धा संशय गेला होता. सुनेनं वेळ आपली आपण निभावून नेली होती, आमच्या कोणाच्या मदतीशिवाय.

मी दारात पोचले तेव्हा सासू अंगणात सुपात ज्वारी पाखडत बसली होती आणि सून भांडे घासत होती. मला पाहून तिनं मान हलवली. नाही म्हणून, अगदी थोडी. मी ते पाहिलं. मला वाटलं रागावली आहे, माझं तोंड पाहायचं नाही तिला. म्हणून मी आणखी पुढं गेले, खाली बसले आणि सासूदेखत तिचे पाय धरले.

"माझं चुकलं, बाई. तू भरोशानं सांगितलं आणि मी ते लिहून बसले," मी म्हटलं. मला रडू आलं. खोटं कशाला बोलू, बरंही वाटलं. त्या सरापेक्षा आपण बऱ्या, असं वाटलं.

सासूनं सूप खाली ठेवलं. "मंग ते मुधोळवाली हेच होय," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. घरात तोंड करून पोराला म्हणाली, "गाडी काढ रे. हिले दवाखान्यात न्या लागते, ते काढून टाकाले."

सुनेनं माझ्या हातातून पाय सोडवून घेतले. "ताई," ती म्हणाली, "तुमाले कोणं बलावलं होतं?"

तिनं राखेचे हात धुतले, धाकटीला थोरलीच्या कडेवर दिलं आणि नवऱ्याच्या मागं गाडीवर जाऊन बसली.