रिकाम्या बाटल्या फोडणारी नलू सिस्टर

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, या बाईचं डोकं फिरलंय. दादाच्या सलाइनमध्ये इंजेक्शन सोडून झालं, तशी तिनं काचेची रिकामी बाटली जाड फडक्यात गुंडाळली, लोखंडी खलात टाकली आणि दाणकन बत्ता घातला. एकदा नाही, चुरा होईपर्यंत. शेजारच्या खाटेवरची म्हातारी दचकून उठून बसली. मी पडले शाळेतली बाई, आवाज चढवायची जन्माची सवय. म्हटलं, "अहो, हा दवाखाना आहे की खडी फोडायची जागा?"

नलू सिस्टरनं मान वर केली नाही. "बाई, भरल्या बाटलीचं गिऱ्हाईक तुमी. रिकामीचं गिऱ्हाईक चोर. तो हिच्यात पानी भरतो, नवं झाकान बसवतो आन तुमालाच इकतो. माज्या हातनं अख्खी बाटली भायेर जात न्हाई."

लोणावळ्यातलं ते लहानसं खाजगी हॉस्पिटल. दादाला गाठींचा कॅन्सर झाला होता. बाकीचे उपचार सरकारी योजनेत बसत होते, नेमकं हे महागडं इंजेक्शन बसत नव्हतं. ते हॉस्पिटलच्याच मेडिकलमधून, बाटलीवर छापलेल्या किमतीला घ्यायचं. वहिनीच्या पाटल्या गेल्या, मग दादाची गाडी गेली. तरी पुढचं इंजेक्शन समोर उभंच.

नलू सिस्टर जवळच्याच कुरवंडे गावची. बुटकी, काटक, आणि जीभ तर विचारूच नका. शीर सापडली नाही तर पेशंटलाच दम द्यायची, "घाबरून शीर आत वडू नगं, न्हाईतर मुस्काटात ठिवून दीन." पेशंट हसायचा आणि शीर सापडायची. दादा म्हणायचा, हिच्या शिव्यांनीच मला निम्मं बरं वाटतं.

एका दुपारी कडक इस्त्रीच्या शर्टातला माणूस वॉर्डात आला. गोड बोलत तिला म्हणाला, "ताई, रिकाम्या बाटल्यांचे चांगले पैसे देतो, फक्त फोडू नका." हातातला स्टीलचा ट्रे तिनं त्याच्या तोंडावर हाणला. ओठ फाटला, शर्टावर रक्त सांडलं. दारातून तो ओरडला, "रस्त्यात गाठतो तुला!"

"ये की! कुरवंड्याच्या चढाला एकलीच असती मी."

खरंच गाठलं तिला. चार-आठ दिवसांनी हात गळ्यात बांधून कामावर हजर! मी घाबरून विचारलं, तर म्हणते कशी, "दोगं व्हते. येकाचं मनगाट चावलंय, जन्मभर वळखू येईल." आणि डाव्या हातानं बत्ता घातला.

पण पुढच्या इंजेक्शनाच्या वेळी आमच्याकडे काहीच उरलं नाही. वहिनीला कोणीतरी पुण्यातल्या एकाचं नाव सांगितलं. तेच इंजेक्शन, अर्ध्या किमतीत, पावतीशिवाय. वहिनी बर्फाच्या डब्यात बाटली घेऊन आली. किती दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर हसू होतं!

सिस्टरनं बाटली उलटसुलट पाहिली. "पावती?"

"नाहीये."

"मग टोचनार न्हाई."

वहिनीनं हात जोडले, पाया पडली, मग किंचाळायला लागली, "आज चुकलं तर गाठी वाढतील! माणूस जाईल माझा!" ती बाटली हिसकावायला धावली. नलू सिस्टरनं हात उंच केला आणि भरलेली बाटली फरशीवर आपटली.

मग वहिनीनं दार अडवायला ठेवलेला दगड उचलला आणि तिच्या कपाळात घातला. रक्ताची धार डोळ्यांवरून खाली आली. सिस्टर भिंतीला टेकली, पण हात उगारला नाही. "मार. आजून मार. पर ह्याच्या अंगात मी पानी जाऊ देनार न्हाई." मी वहिनीला वेणीला धरून मागं ओढलं. खोटं कशाला सांगू, त्या घटकेला मला दोघींचाही जीव घ्यावासा वाटत होता.

सिस्टर तशीच रक्ताळलेली हॉस्पिटलच्या मालक डॉक्टरांच्या केबिनमध्ये घुसली. मागोमाग आम्ही, आमच्यामागं सगळी ओपीडी. तिनं डॉक्टरांची कॉलर धरली. "सायेब, ही बाटली आपल्या मेडिकलला केवड्याला पडती त्ये सांगा ह्यान्ला."

"नलिनी, हात काढ आधी!"

तिनं पेपरवेट उचलून टेबलाची काच फोडली. "निम्म्यालाबी पडत न्हाई! माल मीच उतरून घेती. तुमच्या त्या छापील आकड्यापायी ही बाई चोराच्या दारात गेली!"

दारात गर्दी. डॉक्टरांचा चेहरा पांढराफटक. त्यांनी मेडिकलला फोन लावला आणि खरेदीच्या भावात बाटली द्यायला सांगितली. सगळ्यांनी ऐकलं होतं, त्यामुळे पुढची इंजेक्शनंही त्याच भावात द्यावी लागली. त्या संध्याकाळी डोक्याला पट्टी बांधून तिनंच दादाला इंजेक्शन दिलं. ते तिचं तिथलं शेवटचं काम. दुसऱ्या दिवसापासून तिला गेटच्या आत घेतलं नाही.

फुटलेल्या बाटलीत औषध होतं की पाणी, हे आजतागायत कळलेलं नाही. कोणी तिला मूर्ख म्हटलं तर मी त्याच्याशी भांडते, देवी म्हटलं तर त्याच्याशीही भांडते.

दादा गेला. सगळी इंजेक्शनं खरी होती, आजारच मोठा होता. तेरावा झाल्यावर वहिनी म्हणाली, "कुरवंड्याला चल." आता ही तिथं जाऊन काय करणार?

सिस्टर अंगणात लाकडं फोडत होती. तिला पुन्हा कुठल्याच हॉस्पिटलनं ठेवलं नव्हतं. कपाळावर आडवा व्रण. आम्हाला पाहिलं आणि तिच्या हातातली कुऱ्हाड खाली आली.

वहिनी म्हणाली, "सिस्टर, हे गेले. पण आजारानं गेले. पाण्यानं नाही गेले."

नलू सिस्टरला रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. तिनं स्वतःच्या छातीवर मूठ हाणली. "लय झटलो गं आपून! लय झटलो!" वहिनीनं तिच्या व्रणावर हात ठेवला आणि पायाशी वाकली. सिस्टरनं दंडाला धरून तिला खसकन उभं केलं.

"उठ! तुज्या जागी मी असती, तर येका दगडावर थांबली नसती."